हलकं स्टेअरिंग

दाजींची पिकअप क्रेनला लटकून माझ्या गॅरेजसमोर आली, तेव्हा मी एका टेम्पोखाली उताणा पडून ऑइल सोडत होतो. क्रेनवाल्यानं हाक मारली. मी बाहेर आलो, हात पुसले, कुठं ठेवायची ते दाखवलं आणि परत टेम्पोखाली शिरलो. शेजारचा पंक्चरवाला बघत होता. काय दगड माणूस आहे, असं त्याला वाटलं असणार. वाटू दे. मलाही तसंच वाटत होतं.

दाजी म्हणजे कारभारी, माझ्या धाकट्या बहिणीचे, दैवशालाचे मालक. होळीच्या तोंडावर हसनाबादच्या अलीकडं याच गाडीत गेले. भरदुपार, रस्ता सरळ, समोर कुत्रंसुद्धा नाही. गाडी पुलाच्या आधी अचानक डावीकडं वळली आणि नाल्यात उतरली. स्टेअरिंग छातीत बसलं. पोलिसांनी व्हिसेरा तपासायला पाठवला. त्याचं उत्तर कधी येणार म्हणून विचारलं की साहेब भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघतात. लोकांना मात्र उत्तर आधीच मिळालेलं होतं. कारभारी पिऊन होता.

मी खांदा दिला, अस्थी घेऊन पैठणला गेलो, दहाव्याला डोकं भादरून घेतलं. सगळं केलं. रडू एकदाही आलं नाही. दाताच्या डॉक्टरनं सुई टोचल्यावर घरी येईपर्यंत आपला ओठ जागेवर आहे की नाही ते कळत नाही, तसं माझं आख्ख्या अंगाचं झालं होतं. भूक लागायची, मी जेवायचो. गिऱ्हाईक यायचं, मी गाडी खोलायचो. ज्या माणसानं मला दहावी नापास झाल्यावर पान्हा हातात धरायला शिकवलं, तो गेला, आणि माझ्या आत काहीही हललं नाही.

संध्याकाळी गाडीचे मालक कचरूलाल शेठ आले. बियाण्याचे व्यापारी, पिढ्यान्‌पिढ्या जालन्यात. शेठजींना गाडीतलं एवढंच कळतं की ती चालू आहे की बंद. पण या पिकअपवर त्यांचा जीव. साठ सालच्या आसपासची, तोंड जीपचं, मागं लाकडी हौदा. त्यांच्या वडिलांनी घेतलेली. अक्षय्य तृतीयेला हंगामाचं पहिलं बियाणं याच गाडीतून निघतं, हसनाबादपासून धावड्यापर्यंत. लोक हार घालतात, नारळ फोडतात. या गाडीतून उतरलेली पिशवी देवापुढं ठेवायची आणि बाकीचं बियाणं मग कुठल्याही खटाऱ्यातून आलं तरी चालतं. शकुनाची गाडी म्हणतात तिला. तीस वर्षं ती दाजींनीच चालवली.

"सोमेश्वर, आखातीजला गाडी निघाली पाहिजे," शेठजी म्हणाले.

"बघतो."

"तुझं मन होत न्हाई तर दुसरीकडं टाकतो. जबरदस्ती बिलकुल न्हाई."

"आलीय तर राहू द्या."

ते उभेच होते. मी त्यांना बसायला खुर्चीसुद्धा दिली नाही. मग ते गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून, डोळे पुसून गेले. मला त्यांचा थोडा हेवा वाटला.

दुसऱ्या दिवशी दैवशाला आली. एमआयडीसीतल्या बियाण्याच्या कारखान्यात ती निवडायला जाते. तिथून सुटली की चंदनझिऱ्याला घरी जाते, पण त्या दिवशी वाट वाकडी करून गॅरेजला आली. गाडीकडं तिनं पाहिलंच नाही. माझ्याकडं बघून म्हणाली, "दादा, खोलली का?"

"न्हाई अजून."

"खोलशील तव्हा एक बघ. गाडीत काही बिघाड व्हता का. का त्यायनीच..." पुढचं तिनं गिळलं. "आखितीला त्यायच्या नावानं करा भरायचा हाय. पहिलंच वर्ष. पाणी तं मी देणारच. पण मनात राग ठिऊन देऊ का राग सोडून देऊ, एवढं मला समजलं पाहिजे."

"पोलीस सांगतील की."

"पोलीस कव्हा सांगतील? आन् मला त्यायचं नको. तू सांग. तू बघून सांग."

आता तिचा राग काय होता ते सांगितलं पाहिजे. वर्षभर लोक बघत होते, शकुनाची गाडी रस्त्यानं झोकांड्या खात जायची. दैवशाला घरात बघत होती. दाजींची जीभ जड झालेली, शब्द ओढत बोलायचे. हातातून तांब्या सुटायचा. रात्री उशिरा यायचे आणि स्वयंपाकघरात दाराकडं पाठ करून एकटेच जेवायचे. कुणी आत गेलं तर खेकसायचे. बायकोनं काय समजायचं? तिनं विचारलं, ते नाही म्हणाले. तिनं परत विचारलं, ते परत नाही म्हणाले. ती हुंगून बघायची. वास येत नव्हता, पण हल्ली वास न येणारी मिळते म्हणे, असं तिला कारखान्यातल्या बायकांनी सांगितलेलं. त्या बायकांना जगातलं सगळं माहीत असतं.

भाऊबीजेला मी तिच्याकडं गेलो होतो. माझी भाची अर्पिताही धावड्याहून आली होती. ओवाळणं झालं, फराळाची ताटली माझ्या हातात होती, आणि दैवशालानं सगळ्यांसमोर विषय काढला. अर्पिताला त्यांच्या पुढ्यात बसवलं आणि म्हणाली, "पोरीच्या डोक्यावर हात ठिऊन सांगा, मी घेत न्हाई म्हणून. मंग मी जन्मात इचारणार न्हाई."

दाजी गप्प. हात मांडीवर. अर्पिता खाली मान घालून बसलेली. ते मांडीवरच्या हाताकडं बघत राहिले. हात ठेवला असता तर सगळं तिथंच मिटलं असतं. मी मनात म्हणत होतो, ठेवा ना दाजी, एवढं काय.

"घेतो थोडी," ते म्हणाले.

दैवशाला उठली आणि आत गेली. त्या दिवसापासून होळीपर्यंत ती त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही. ताट झाकून ठेवायची आणि झोपायची. माझ्या बहिणीचा अबोला म्हणजे काय असतो ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. आईशी एकदा तिनं आख्खा उन्हाळा धरला होता.

तर मी गाडी खोलली.

जॅक लावून पुढचा भाग उचलला, चाकं काढली. अपघाताच्या मानानं मार कमी होता. जुनं लोखंड, आजच्यासारखं पत्र्याचं काम नाही. आधी स्टेअरिंग फिरवून बघितलं. चांगलं वीतभर फिरलं तरी खाली काहीच हलेना. एवढा प्ले घेऊन माणूस गाडी चालवतो कशी? स्टेअरिंग बॉक्सच्या डोक्यावर एक स्क्रू असतो. तो आत घेतला की आतले दाते एकमेकांना घट्ट भिडतात, बाहेर काढला की ढिले पडतात. हा स्क्रू पार बाहेर काढून ठेवलेला होता. झिजून ढिला झालेला नव्हता, मुद्दाम ढिला केला होता. वरचं नट ताजं फिरवलेलं दिसत होतं.

कुण्या गाढवानं हात लावला, म्हणून मी शिवी घातली.

मग पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, बघितले. पुढचा आडवा ॲक्सल आणि त्याच्यावरचे पाटे यांच्यामध्ये लोखंडाची एक पाचर असते, एका बाजूला जाड, एका बाजूला बारीक. जाड बाजू मागं ठेवायची. त्यानं चाकं जराशी मागं कलतात आणि गाडी आपोआप सरळ धावते, वळणावरून स्टेअरिंग आपोआप परत येतं. जाड मागं, बारीक पुढं. हे मला दाजींनीच शिकवलं होतं, शेठजींच्या गोडाऊनमागं, टपली मारून. इथं दोन्ही पाचरी उलट्या बसवलेल्या होत्या. जाड पुढं. अशी गाडी सरळ जातच नाही. सोडली की भटकते, सतत धरून बसावं लागतं.

उजवं टायर शाबूत होतं. त्यात हवा भरली होती की दगड, कळेना. एवढं टणक.

माझा पारा चढत चाललेला. पण एक गोष्ट बसेना. किंगपिन नवे होते. ज्या खिळ्यावर पुढचं चाक वळतं तो. बुश नवे, ग्रीस ताजं, टायरॉडचे जोड नवे. हे काम इतकं नेटकं की मीही एवढं जीव लावून केलं नसतं. ज्याला किंगपिन असे बसवता येतात, तो पाचर उलटी लावेल? एका हाताला अक्कल आणि दुसऱ्याला नाही, असं होत नाही.

वर्षभर दाजींनी गाडी माझ्याकडं आणलेली नव्हती. आधी महिन्याकाठी एकदा तरी यायचे. काम नसलं तरी चहाला यायचे. मग बंदच. मला वाटलं, कुणी स्वस्तातला मेकॅनिक गाठला असेल, आणि मी फुगून बसलो. आता तो मेकॅनिक कोण ते मला हवं होतं. त्याच्या दारात जाऊन त्याची पाचर त्याला दाखवायची होती. एवढी एकच इच्छा त्या महिन्यात मला झाली. मी तसाच काळ्या हातांनी शेठजींच्या गोडाऊनला गेलो.

"कुठं न्हेत होते दाजी गाडी?"

"कुठं न्हाई," शेठजी म्हणाले. "मागच्या शेडात सोता करायचा. मी म्हणायचो, सोमेश्वरकडं टाक. म्हणायचा, त्याला टाइम न्हाई."

"मी त्यायला कव्हा टाइम न्हाई म्हणलो?"

"मला काय माहीत बाबा. तो बोलला ते मी बोलून राह्यलो."

"दारू पिऊन येत होते का?"

शेठजींनी चष्मा काढला. "बिलकुल न्हाई. इथं दारूचा वास आला असता तर आमच्या घरवालीनं, लाडबाईनं, गोडाऊन डोक्यावर घेतलं असतं. तिचं नाक तुला माहीत हाय. हां, चहा सोडला व्हता त्यानं. पोटात जळजळ म्हणायचा. कप दिला तर हात लावायचा न्हाई."

मी निघालो तर त्यांनी मागून हाक मारली. म्हणाले, "आमचा पोरगा अंकित मागं लागला व्हता, जुनी गाडी लोखंडाच्या भट्टीत टाकू, मिलवाले उचलून न्हेतील. मी म्हणलं, कारभारी चालवतो तोपर्यंत गाडी. ज्या दिवशी तो म्हणंल होत न्हाई, त्या दिवशी टाक भट्टीत. कारभारीसमोरच बोललो व्हतो. त्याला बरं वाटावं म्हणून."

मी परत आलो आणि चेसी धुवायला घेतली. डिझेल आणि ब्रश. डाव्या बाजूची सगळी धुऊन झाली, उजवीकडं आलो आणि तिथं पंजे दिसले. मेकॅनिकच्या हाताला ग्रीस असतं, तो उठता-बसता कुठंतरी हात टेकतो, छाप उमटतो. त्यात नवल काही नाही. चाकाच्या कमानीला आतून, चेसीच्या पट्टीवर, पाट्याच्या टोकापाशी, सगळीकडं काळे पंजे. मी ब्रश फिरवणार, तेवढ्यात लक्षात आलं की सगळ्यांचे अंगठे एकाच बाजूला आहेत.

मी माझा उजवा पंजा एका छापावर ठेवला. अंगठा जुळेना. डावा ठेवला, जुळला. दुसऱ्यावर ठेवला, जुळला. सगळे डावेच. उजव्या हाताचा एकही नाही.

दाजी उजवे होते. मला टपली मारायचे तीसुद्धा उजव्या हातानं.

मी ब्रश खाली ठेवला आणि ड्रायव्हरच्या जागेवर जाऊन बसलो. स्टेअरिंगचं कव्हर बघितलं. डावीकडं घासून घासून चकचकीत, उजवीकडं तसंच खरखरीत, त्यात धूळ. मग मला एक-एक करून सगळं कळत गेलं. पाचर उलटी लावली की गाडी भटकते खरी, पण स्टेअरिंग हलकं होतं. बॉक्स ढिला केला की स्टेअरिंग हलकं होतं. टायर टणक केलं की हलकं होतं. किंगपिन नवे घातले, ग्रीस भरलं, की हलकं होतं. यात एकही चूक नव्हती. जे काही केलं ते स्टेअरिंग एका हातानं फिरावं म्हणून केलं होतं. आणि तो हात डावा. गिअरही डाव्याच हातानं टाकायचा असतो. गिअर टाकताना स्टेअरिंग कुणी धरायचं? कुणीच नाही. तेवढा वेळ गाडी झोकांडी खायची आणि रस्त्यावरचे लोक म्हणायचे, कारभारी पिऊन हाय.

उजवा हात गेला होता. वारं गेलं असेल अंगावरून, हलकंसं. जिभेवरही थोडं. पण मी म्हणतो म्हणण्यापेक्षा गाडीच म्हणत होती. त्यांनी डॉक्टर गाठला नाही, मला दाखवलं नाही, बायकोला कळू दिलं नाही. कळलं असतं तर गाडी बंद, आणि गाडी बंद झाली की भट्टी. चहाचा कप कुठल्या हातानं धरायचा म्हणून चहा सोडला. डाव्या हातानं जेवताना कुणी बघू नये म्हणून पाठ करून जेवले. आणि भाऊबीजेला पोरीच्या डोक्यावर ठेवायला हात उचलेचना. डावा ठेवला असता तर दैवशालानं विचारलं असतं, डावा कामून? म्हणून ते घेतो म्हणाले. दारू काय, सुटते. बायको रागावते, पुढंमागं निवळते. तेवढा हिशेब त्यांनी त्या गप्प बसण्यात केला असणार.

हे सगळं कळल्यावर तरी मला काहीतरी व्हायला हवं होतं. मी स्टेअरिंगवर डोकं टेकवून वाट बघितली. बाहेर पंक्चरवाला ट्यूब ठोकत होता. काही झालं नाही. मी उतरलो.

राहिलेलंही सापडलं. पाटे ॲक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट असतात. त्यांचे नट आवळायला पान्ह्यावर पाइप चढवून दोन्ही हातांनी अक्षरशः लोंबकळावं लागतं. डावीकडचे नट माझ्या नुसत्या बोटांनी फिरले. एका हातानं जेवढे आवळले गेले तेवढे आवळले होते. ढिल्या बोल्टमध्ये पाटे हलत राहिले, पाटे आणि ॲक्सल जागेवर धरणारा मधला बोल्ट झिजत झिजत तुटला, ॲक्सलची डावी बाजू मागं सरकली, आणि गाडी डावीकडं गेली. तुटलेल्या बोल्टचं अर्धं तोंड गंजून लाल होतं, अर्धं पांढरं. म्हणजे अर्धा आधीच तुटलेला होता. पुलापर्यंत पोचला एवढंच.

गाडी मी दुरुस्त केली. वाकलेला ॲक्सल लेथवाल्याकडून सरळ करून आणला, पाटे नव्यानं बांधले, पाचरी सुलट्या केल्या, जाड मागं, बारीक पुढं. बॉक्सचा स्क्रू आत घेतला. दोरी ताणून चाकं सरळ केली. यू-बोल्टला पाइप लावून मी आणि पंक्चरवाला दोघं लोंबकळलो. मग गाडी भोकरदन रोडला काढली. मोकळ्यात आल्यावर दोन्ही हात सोडून दिले. रेषेत गेली. स्टेअरिंग जड झालं होतं, जेवढं असायला हवं तेवढं. वळणावर दोन्ही खांदे लावावे लागले. काम चांगलं झालं होतं आणि मला त्याचा काडीचा आनंद नव्हता.

अक्षय्य तृतीयेच्या आदल्या संध्याकाळी मी दैवशालाकडं गेलो. घरात माठाशेजारी मातीचा नवा करा आणून ठेवलेला होता. तिनं मला बघितलं आणि चूल, म्हणजे गॅस, बारीक केला.

"सांग," ती म्हणाली.

मी सांगितलं. वाटेत ठरवलं होतं की अर्धंच सांगावं, मधला बोल्ट तुटला, गाडीचा दोष, राग सोड, संपलं. तेही काही खोटं नव्हतं. पण माझी बहीण समोर बसली की मला अर्धं सांगता येत नाही. मी पंजे सांगितले, स्टेअरिंग सांगितलं, शेठजींचा चहा सांगितला. भाऊबीजेचं सांगायची गरज पडली नाही. मी पंज्यांपर्यंत आलो तेव्हाच तिचा हात तिच्या स्वतःच्या डोक्यावर गेला होता.

"म्हणजे पेलेच न्हाई," ती म्हणाली.

"न्हाई."

"एकदाबी?"

"शेठजी म्हणतात बिलकुल न्हाई. गाडीबी तेच म्हणते."

मला वाटलं होतं ती हंबरडा फोडेल, निदान सुटेल. तिनं पदर सारखा केला. म्हणाली, "दारूच असती तं बरं झालं असतं, दादा."

"असं काय बोलून राह्यली?"

"मंग काय बोलू? दारू असती तं मला चिडता येत व्हतं. इतके दिवस त्याच्यावरच उभी व्हते मी. सकाळी उठून कामाला जात व्हते ते रागानंच. आता तू तेबी काढून घेतलं." तिनं माझ्याकडं बघितलं. "आता मी चिडू कुणावर? एकटीच राह्यले मी."

तूच इचारलं होतं, हे माझ्या जिभेवर आलेलं, पण ते मी गिळलं.

मग ती उठली. पाहुणा आलाय तर जेवल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत, मग घरात काहीही होवो. तिनं माझं ताट केलं, पिठलं वाढलं, ज्वारीची भाकर ठेवली. स्वतःसाठीही एक ताट घेतलं आणि माझ्या समोर बसली. पण जेवली नाही. उजवा हात मांडीवर ठेवला आणि डाव्या हातानं भाकर मोडायला बघू लागली. सकाळची भाकर, वाळून कडक झालेली. ती ताटात सरकायची. तिनं बोटांनी दाबली, अंगठ्यानं रेटली. ताट फिरत फिरत माझ्या ताटाला येऊन लागलं.

"रोज मी भाकर झाकून ठिवायचे," ती म्हणाली. "बोलत नव्हते ना. सकाळी बघायचे तं कालवण संपलेलं आन् भाकर आख्खीच्या आख्खी ताटात. मला वाटायचं, ढोसून आले, जेवण गेलं न्हाई." तिनं परत एकदा भाकर रेटली. "एका हातानं मोडतच न्हाई रे ही."

तेव्हा मला रडू आलं. एवढं मोठ्यानं की शेजारची बाई दारात येऊन उभी राहिली. दैवशाला रडली नाही. ती डाव्या हातानं भाकर रेटत बसली होती.